तापीच्या वर बुऱ्हाणपूर, खाली चांगदेव

या महिन्यात अकरा पत्रं आली. त्यांतल्या तिघांनी पत्रिका जोडून लग्नाचा योग विचारलाय. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईला ज्योतिषही येत असणार, असा समज इथे अमळनेरात माझ्या शेजाऱ्यांचाही आहे, तेव्हा तुमच्यावर राग नाही. पत्रिका टपालानं परत केल्या आहेत. उरलेल्यांतले चार प्रश्न घेते.

प्रश्न : माझी रावेर तालुक्यात केळी आहे. थ्री फेज लाइट रात्रीची येते, तेव्हा मोटार चालू करून बांधावर बसतो आणि कानात व्याख्यानं लावतो. दोन वर्षांत गीता, कुराणाचा मराठी अनुवाद, प्लेटोवरचं एक पुस्तक आणि झेनच्या गोष्टी वाचल्या. आता वाटतं, सगळे एकच सांगतात. मग वेगवेगळं वाचायचं कशाला? आणि वाचायचंच तर नीट सुरुवात कुठून करू? – एक केळी उत्पादक, वय ३४

उत्तर : भाऊ, रात्री दोन वाजता बांधावर बसून प्लेटोचा विचार करणारा माणूस खानदेशात आहे, हे वाचून माझी सकाळ चांगली गेली. पण ‘सगळे एकच सांगतात’ यावर मी तुम्हाला अडवणार आहे, कारण त्याच वाक्यावर मी एकदा सपाटून तोंडावर पडले आहे.

नोकरीचं पहिलं वर्ष. एफ.वाय.च्या वर्गात मी ठणकावून सांगितलं की महाराष्ट्रातले सगळे पंथ शेवटी जीव आणि शिव एकच म्हणतात. तास संपल्यावर पारोळ्याकडचा एक मुलगा दाराशी घुटमळला. म्हणाला, “आमनाकडे तसं नही शे, मॅडम.” घर महानुभाव. मग त्यानं शांतपणे बोटांवर मोजून दाखवलं : जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर. चार वेगळे, चारही अनादी. जीव परमेश्वराच्या कृपेनं सुटतो, पण परमेश्वर होत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहून मी त्यावर मार्क मिळवले होते! पण वर्गात उभं राहून मोठ्या मनानं बोलायच्या नादात त्या मुलाच्या आजीचं अख्खं म्हणणं मी पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात दुरुस्ती केली. तो मुलगा पुढे एस.टी.त कंडक्टर झाला. गाडीत भेटला की अजून चार बोटं दाखवून हसतो.

आता सुरुवात कुठून करायची ते. तुमच्या स्टेशनवरून. रावेरहून गाडीत बसलात की तासाभराच्या आत बुऱ्हाणपूर येतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी तीच. तिथे मुहम्मद बिन फजलुल्लाह नावाचे सूफी शेख राहत. त्यांनी १५९० मध्ये अरबीत एक लहानसं पुस्तक लिहिलं, ‘अल-तुहफा अल-मुरसला’, म्हणजे ‘पाठवलेली भेट’. त्यातला विचार इब्न अरबी या सूफी विचारवंतांच्या परंपरेतला. इब्न अरबी ११६५ मध्ये स्पेनमधल्या मुर्सियाला जन्मले आणि १२४० मध्ये दमास्कसला वारले. असणं एकच, ते एकाचंच, आणि दिसतं ते सगळं त्या असण्याचं प्रकट होणं, असा त्या विचाराचा गाभा. बुऱ्हाणपूरच्या शेखांनी तो सात पायऱ्यांत बसवला. पहिल्या पायरीवर त्याला नाव नाही, रूप नाही, गुण नाही. मग त्याचं स्वतःला एकवट जाणणं, मग तेच तपशिलानं जाणणं. त्याखाली आत्म्यांचं जग, प्रतिमांचं जग, देहांचं जग. सातवा माणूस, ज्याच्यात हे सगळं एकत्र येतं.

हे पुस्तक मक्का-मदिनेच्या वाटेनं पार सुमात्रा बेटावर आचेला पोचलं, पुढे जावामध्ये त्याचं जावानी पद्यात रूपांतर झालं. आपल्या तापीकाठचं पुस्तक! आणि गंमत पुढेच आहे. तिकडच्या काहींनी त्याचा अर्थ असा घेतला की सगळंच देव आहे, मग नमाज कुणी कुणासाठी करायचा आणि नियम कशाला पाळायचे. वाद इतका माजला की तिकडून मदिनेला शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या गुरूंना, इब्राहिम अल-कुरानी यांना गळ घातली आणि त्यांनी या पुस्तकावर मुद्दाम त्यांच्यासाठी टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं भाष्य, लिहिली. तर भाऊ, ‘सगळं एकच’ हे वाक्य सतराव्या शतकातही डोकेदुखीच होतं.

आता नदीच्या धारेनं खाली या. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेचा संगम, काठावर चांगदेवांचं देऊळ. चांगदेवांची गोष्ट तुम्हाला मी काय सांगायची? ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले, मायना ‘चिरंजीव’ लिहावा की ‘तीर्थरूप’ हे ठरेना, म्हणून कोरा कागद पाठवला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, ती चांगदेव पासष्टी. वाचायला वीस मिनिटं लागतात. समजायला मी अजून घेते आहे.

ही दोन पुस्तकं शेजारी ठेवा. तीनेकशे वर्षांचं अंतर, नदी एक. पासष्टीच्या पहिल्याच ओवीत ज्ञानदेव म्हणतात की तो, म्हणजे परमात्मा, लपतो तेव्हा जगाचा भास दाखवतो, आणि प्रकटतो तेव्हा तो भास गिळून टाकतो. शेखांचं बरोबर उलट : तो प्रकटतो, म्हणूनच तर जग दिसतं. एकाकडे तुमची केळीची बाग दिसणं ही तो दडल्याची खूण, दुसऱ्याकडे तो उघड झाल्याची. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दुपारी माझा चहा गार झाला आणि दुधवाल्याला मी दोनदा पैसे दिले.

पण एवढ्यावर वही मिटू नका. थोडं पुढे ज्ञानदेवच सोन्याचा दाखला देतात. सोनेपण तसूभर उणं न होता सोन्याचा दागिना होतो, तसा तो काहीही खर्ची न पडता जग होतो. इथे दोघं बरेच जवळ आले, नाही? मग आणखी पुढे मीठ येतं. ते पाण्याचा थांग घ्यायला आत शिरतं आणि स्वतःच उरत नाही. आता माप घेणार कोण? इथे पुन्हा फाटा फुटतो. विरघळण्याची भाषा सूफींकडेही आहे, पण या परंपरेत बंदा, म्हणजे देवाचा सेवक, कितीही वर चढला तरी बंदाच, आणि त्याची बंदगी सुटत नाही. अल-कुरानींना टीका लिहावी लागली ती याच जागेसाठी. त्या मिठाचं शेखांनी काय केलं असतं, यावर मी आठवडाभर विचार केला होता. माझं मत असं की दाखला त्यांना आवडला असता आणि ‘पाणी’ या शब्दापाशी त्यांनी ज्ञानदेवांना थांबवलं असतं. तुम्हाला वेगळं वाटलं तर लिहा.

वाचन असंच करा. एक प्रश्न, दोन माणसं, एक महिना. आणि प्रत्येक पुस्तक उघडताना विचारायचं की हा गडी भांडतोय कुणाशी? प्लेटो पैसे घेऊन वक्तृत्व शिकवणाऱ्यांशी भांडतोय, शंकराचार्य वेदांतल्या कर्मकांडाला मुख्य मानणाऱ्या मीमांसकांशी आणि बौद्धांशी. भांडण कळलं नाही तर उपदेश तेवढा हातात राहतो, आणि उपदेश सगळीकडे सारखेच असतात : खरं बोला, लोभ धरू नका. म्हणून तुम्हाला सगळं एकच वाटलं. आपल्याकडे ही शिस्त जुनी आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तेही तो मान डोलावेल असं मांडायचं. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त सोळा दर्शनं आहेत आणि पहिला मान चार्वाकाला आहे. देव न मानणाऱ्याला आधी बोलू दिलंय, मग पुढचे.

प्रश्न : मी निवृत्त तलाठी आहे, शिरपूर. संस्कृत नाही, पाली नाही, इंग्रजी सातबाऱ्यापुरती. मराठी भाषांतरांवर विसंबून परदेशी तत्त्वज्ञान वाचलं तर ते वाचन खरं धरायचं का? की उताऱ्याची झेरॉक्स? – आप्पा

उत्तर : आप्पा, झेरॉक्सवरही फेरफार शोधणारे तुम्ही लोक. तीच नजर इथे वापरा.

सम्राट अशोकाचा एक लेख अफगाणिस्तानात कंदाहारला १९५८ मध्ये सापडला, ग्रीक आणि अरामाईक अशा दोन भाषांत. त्यात ‘धम्म’ या शब्दाला ग्रीक भाषांतरकारानं ‘युसेबिया’ हा शब्द घातला. ग्रीकांच्या घरात त्याचा अर्थ देवांविषयी, वडीलधाऱ्यांविषयी बाळगायचा पूज्यभाव. चूक आहे का? पूर्ण चूक नाही. पण जमीन थोडी सरकली. चीनमध्ये सुरुवातीच्या बौद्ध भाषांतरकारांनी ‘निर्वाणा’साठी ताओवाद्यांचा ‘वू-वेइ’ उचलला. त्याचा अर्थ ओढूनताणून काही न करणं. ‘बोधी’साठी थेट ‘ताओ’च, म्हणजे ‘वाट’, घेतला. तिथल्या कित्येकांना बुद्ध हा आपल्यातलाच कुणी जुना मुनी वाटला असल्यास नवल नाही. आणि गोव्यात इंग्लंडहून आलेले फादर स्टीफन्स १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ छापतात तेव्हा स्वर्गासाठी ते ‘वैकुंठ’ म्हणतात. तो शब्द ऐकताना कुणाच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल, विचार करा.

उलट दिशेचा एक किस्सा सांगते, त्यातही बुऱ्हाणपूर आहे. मुमताजमहल १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला बाळंतपणात वारली. आधी तिला तापीपलीकडे झैनाबादेला पुरलं, ताजमहाल नंतरचा. तिचा थोरला मुलगा दारा शुकोह. त्यानं पंडितांना हाताशी घेऊन १६५७ मध्ये पन्नास उपनिषदं फारसीत आणली आणि नाव दिलं ‘सिर्र-ए-अकबर’, सर्वांत मोठं रहस्य. दोन वर्षांत औरंगजेबानं त्याला मारलं. फारसी प्रत मात्र राहिली, फ्रान्सच्या आंकेतील द्यूपेरों यांनी तिचं लॅटिन केलं, ते १८०१-०२ मध्ये छापलं गेलं आणि जर्मनीत शोपेनहाउअर या तत्त्वज्ञाच्या हाती पडलं. संस्कृत, फारसी, लॅटिन. दुसऱ्या उताऱ्यावरून काढलेला तिसरा उतारा! तरी तो माणूस म्हणाला की आयुष्यभर याच पुस्तकानं मला धीर दिला आणि मरतानाही देईल. त्याला जे उपनिषद दिसलं ते उपनिषदांतल्या याज्ञवल्क्य ऋषींना ओळखू आलं असतं का, ही शंका मला आहे. पण त्याचं वाचन खोटं होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुम्ही एवढंच करा. शक्य तिथे एकाच पुस्तकाची दोन भाषांतरं घ्या. जिथे दोघांचे शब्द जुळत नाहीत तिथे मूळ शब्द अवघड आहे असं समजा आणि तो देवनागरीत वहीत उतरवून ठेवा : लोगोस, ताओ, तक्वा, शून्यता. या शब्दांना मराठी प्रतिशब्द लिहायचा नाही, तो कुठे कुठे आला तेवढं टिपायचं. दीडशे नोंदी झाल्या की तुम्हाला माझी गरज उरणार नाही. अडलं तर मराठी विश्वकोश मोफत पाहता येतो. तो ज्यांनी उभा केला ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. आणि दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’, १९७४ चा, तीन खंडांचा, एखाद्या जुन्या वाचनालयात मिळाला तर सोडू नका.

प्रश्न : मला एम.ए.ला तत्त्वज्ञान घ्यायचं आहे. बी.ए.ला घेता आलं नाही, कारण आमच्या कॉलेजात तो विषय मी पहिल्या वर्षाला असतानाच बंद केला. घरचे म्हणतात, खाशील काय? – शहाद्याची विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, खाण्याचं उत्तर आधी. नुसत्या तत्त्वज्ञानावर पोट भरेल असं मी तुला सांगणार नाही. बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षा, काहीतरी जोडीला ठेव. इग्नूतून एम.ए. घरी राहून करता येतं, कुठल्याही शाखेची पदवी चालते.

विषय बंद होतो तेव्हा कसा होतो ते मी जवळून पाहिलंय. मी निवृत्त झाले त्या वर्षी माझ्या जागेवर माणूस भरला नाही. पुढच्या वर्षी ‘शिक्षक नाहीत’ म्हणून प्रवेश दिले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी ‘विद्यार्थी नाहीत’ म्हणून विषय काढला. विभागाच्या कपाटाची चावी मी शिपायाच्या हातात दिली, तेव्हा त्यानं विचारलं, “मॅडम, यात आता काय ठेवायचं?” खेळाचं साहित्य ठेवलंय म्हणे.

आणि हे कुठे, तर अमळनेरच्या परिसरात! इथे प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीमालकानं बोरी नदीच्या काठच्या गावात वेदान्तावर संशोधन करायला माणसं ठेवली, राहायची-जेवायची सोय केली. घ. र. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी इथे बसून ‘अज्ञान’ या एकाच कल्पनेवर वाद घातला आणि १९३३ मध्ये तिघांचं मिळून त्याच नावाचं पुस्तक काढलं. तिघांची मतं तीन. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे येऊन राहिले. साने गुरुजी अमळनेरला आधी आले ते इथे शिकायला. शाळेत मास्तर झाले ते नंतर. पुढे मूर्तींनी बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या मध्यममार्गावर लिहिताना शेजारी जर्मन तत्त्वज्ञ कांट ठेवला, ती सवय इथल्याच चर्चांतली असावी असं मला आपलं वाटतं. सुट्टीत ये. शहाद्याहून अमळनेरला एस.टी. आहे. माझ्याकडे दोन कपाटं पुस्तकं आहेत, आणि भरताची वांगीही मिळतील.

प्रश्न : आमची बैलगाडी माझ्या पणजोबांची आहे असं आजोबा सांगतात. पण चाकं बदलली, आख बदलला, जू बदललं, साटी तर मागच्या पोळ्याला नवीन केली. मग ती पणजोबांची कशी? आजोबा म्हणतात, गप बस. – इयत्ता नववी, साक्री तालुका

उत्तर : गप बसू नकोस, पण आजोबांना एकदम चिडवूही नकोस. तुझा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी विचारून ठेवलाय.

ग्रीकांकडे थीसिअस या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की नवी बसवायचे. प्लुटार्क हा ग्रीक लेखक लिहितो की हे जहाज तेच की दुसरं, यावर विद्वानांत दोन तट पडले. आपल्याकडे मिलिंद नावाचा ग्रीक राजा आणि नागसेन नावाचे भिक्खू यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतात, “तू रथातून आलास ना? मग रथ म्हणजे चाक का? आख का? जू का? दांडी का?” राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. “मग रथ कुठे आहे?” राजाला कबूल करावं लागतं की या सगळ्यांच्या जुळणीला आपण ‘रथ’ हे नाव देतो, एवढंच.

दोन्ही सारखं वाटतं, पण नीट बघ. अथेन्सवाल्यांना जहाजाचीच काळजी होती. नागसेनांना रथाशी काही घेणं नव्हतं, राजानं त्यांना “नागसेन म्हणजे नक्की कोण?” असं विचारलं होतं, त्याचं हे उत्तर होतं. म्हणजे खरा प्रश्न गाडीचा नाही, गाडीवर बसलेल्याचा आहे. तुझे दुधाचे दात पडले, उंची वाढली, आवाज फुटला. मग तिसरीत ज्यानं पाटी फोडली तो तूच का? (वडील विचारतील तेव्हा नागसेनांचं नाव सांगून सुटका होणार नाही.)

आजोबांची बाजूही ऐकून घे. त्यांना विचार की सगळं बदलताना कधी एकदम नवी गाडीच का नाही घेतली? उत्तर वहीत लिही आणि मला पाठव. आणि त्या गाडीतलं एखादं तरी लाकूड, एखादा आरा, नाहीतर चाकाची धाव जुनी उरली आहे का, ते पोळ्याआधी स्वतः खाली वाकून तपास. मला तेही कळव.